पोराला वाचून दाखवायचंय? पडवीतून सुरुवात करा

श्रावणात आमच्या वाडीत अजूनही एका घरी पोथी लागते. वाचणारे आजोबा चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणून एका लयीत वाचत जातात, ऐकणारे भिंतीला पाठ लावून बसतात, मधे कुणी चकार शब्द काढत नाही. अध्याय संपला की आरती, मग हातावर खोबरं-साखर. म्हणजे मोठ्यानं वाचणं आपल्याला काही नवीन नाही. पण घरातल्या चार वर्षांच्या पोरासाठी असं कुणी बसून वाचतं का? बहुतेक घरांत नाही. आणि जे वाचायला घेतात ते पोथीसारखं घेतात: पोरानं गप्प बसायचं, मांडी हलवायची नाही, नीट ऐकायचं. तिथेच गाडी अडते.

मी मालवण तालुक्यातल्या आमच्या घराच्या पडवीत दर शनिवारी वाडीतल्या पोरांना वाचून दाखवते. शिक्षिका नाही, कसला कोर्स केलेला नाही. स्वतःच्या दोन मुलांवर प्रयोग करून आणि बऱ्याच चुका करून जे हाती लागलं ते इथे लिहिते आहे, नुकतंच मूल झालेल्या घरांसाठी आणि 'आमचा पुस्तकाला हातच लावत नाही' म्हणणाऱ्यांसाठी.

कशासाठी हा खटाटोप

मुलाशी आपण दिवसभर काय बोलतो ते एकदा कान देऊन ऐका. जेव, पाय धू, चपला आत आण, बावीकडे (विहिरीकडे) जाऊ नको, आजीला हाक मार. मायेचंच बोलणं, पण शब्द रोज तेच. पुस्तक उघडलं की 'घनदाट' येतं, 'कुजबुज' येते, कुणीतरी 'हिरमुसतं', कुणाची तरी 'लगबग' होते. अमेरिकेत डोनाल्ड हेस आणि मार्गारेट आरेन्स यांनी १९८८ साली याची मोजदाद छापली. इंग्रजीतल्या मुलांच्या पुस्तकांत हजार शब्दांमागे सुमारे ३१ शब्द क्वचित कानावर पडणारे निघाले. पदवीधर मोठ्या माणसांच्या आपसातल्या गप्पांत तेच प्रमाण सुमारे १७ होतं. आकडे इंग्रजीचे आहेत, पण आपल्या गप्पांतही 'घनदाट' कितीदा येतं ते आठवून बघा.

दुसरा फायदा कानाचा. यमकं ऐकून, 'टप टप', 'झुळझुळ' ऐकून मुलाला कळायला लागतं की शब्द तोडता येतो, जोडता येतो. हे कानाला आधी कळलेलं असलं की पुढे काना-मात्रा-वेलांटी डोक्यावरून जात नाहीत.

तिसरा फायदा मला सगळ्यात मोलाचा वाटतो आणि तो प्रगतिपुस्तकात दिसत नाही. मूल पुस्तकाच्या आडून बोलतं. एकदा लांडग्याचं पान आलं आणि माझा मुलगा लांडग्याच्या दातांवर बोट ठेवून म्हणाला, "आमच्या गाडीत एक मुलगा असाच चावतो." तीन आठवडे तो शाळेत जाताना का रडत होता ते मला त्या पानावर कळलं. त्याआधी थेट विचारून काही हाती लागलं नव्हतं.

पहिला नंबर येईल म्हणून मात्र वाचू नका. तो हिशेब पोराला लगेच कळतो आणि मग पुस्तक म्हणजे अभ्यास होऊन बसतं.

केव्हा आणि कुठे

दिवसाला दहा मिनिटं पुरतात. नवीन वेळ काढायला जाऊ नका, चालू असलेल्या गोष्टीला बांधून टाका. आमच्याकडे दिवेलागणीला शुभंकरोति होतं, पाढे होतात, त्याला जोडून गोष्ट. काही घरांत भाताचा कुकर लावल्यापासून शिट्ट्या होईपर्यंतचा वेळ मी बघितलाय, तोही चालतो. मासे साफ करायला घेतलेत आणि पोर पुस्तक घेऊन आलं तर 'हात धुऊन येते' म्हणा आणि खरंच या.

बसायचं ते असं की दोघांना एकच पान दिसेल. समोरासमोर बसलात तर पोराला चित्र उलटं दिसतं. मांडीवर किंवा कुशीत घ्या. पावसाळ्यात याला इलाज नाहीच. पडवीवर पत्रे असतील तर आषाढातल्या सरीत दोन हातांवरचं माणूस ऐकू येत नाही, मग कानाशी तोंड नेऊनच वाचावं लागतं. माझ्या मुलीला पावसातल्याच गोष्टी जास्त आठवतात. लाईट गेली तर बॅटरी पानावर मारायचं काम पोराला द्या. एरवी दोन मिनिटं न टिकणारं पोर बॅटरी धरून वीस मिनिटं बसतं. टीव्ही मात्र बंद हवा. त्या दहा मिनिटांत फोन खिशातही नको, दुसऱ्या खोलीत ठेवा.

पुस्तकं आणायची कुठून

गावात पुस्तकांचं दुकान नसतं ही तक्रार खरी आहे. स्टँडजवळच्या स्टेशनरीत मिळतात ती बहुधा एबीसीडीची आणि प्राण्यांच्या भडक फोटोंची. ती वाईट नाहीत, पण त्यांत गोष्ट नसते, आणि गोष्ट नसली की 'मग काय झालं?' हा प्रश्नच येत नाही.

पहिली चौकशी वाचनालयात करा. कोकण यात गरीब नाही. रत्नागिरीचं जिल्हा नगर वाचनालय १८२८ सालचं आहे. चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ सालचं. जुलै २०२१ च्या पुरात तिथे पाणी शिरलं, पुस्तकं गेली, तरी ते पुन्हा उभं राहिलं. सावंतवाडीत, मालवणात, वेंगुर्ल्यात जुनी वाचनालयं आहेत, मोठ्या गावांतही सरकारी अनुदानावर चालणारं एखादं असतं. अनामत आणि महिन्याची वर्गणी भरून सभासद व्हा आणि बालविभाग कुठे आहे ते विचारा. बऱ्याच ठिकाणी तो कुलपात असतो. कुणी मागितलंच नाही म्हणून. दोनदा मागितलंत की किल्ली बाहेर येते, हा अनुभव आहे. पोराला सोबत न्या आणि पुस्तक त्यालाच निवडू द्या, तुम्हाला कितीही फालतू वाटलं तरी.

विकत घ्यायची तर नॅशनल बुक ट्रस्टची मराठी बालपुस्तकं स्वस्तात चांगली चित्रं देतात. ज्योत्स्ना प्रकाशनाच्या चित्रपुस्तकांची भाषा जिवंत असते. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी गोष्टी फुकट आहेत; रेंज असेल तिथे बसून उतरवून घ्यायच्या. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतंय आणि त्याचे जुने अंकही नेटवर फुकट वाचता येतात. सात-आठ वर्षांपुढच्या मुलांना त्यातली एकेक गोष्ट रोज पुरते. पडद्यावरून वाचायला हरकत नाही, पण फोन तुमच्या हातात हवा आणि नोटिफिकेशन बंद. लहानग्यांना मात्र पान उलटायला मिळालं पाहिजे, अर्धी मजा त्यातच असते.

घरात चार-पाच पुस्तकं झाली तरी बास. फक्त ती काचेच्या कपाटात नकोत, पोराच्या हाताला लागतील अशी ठेवा. आमची आंब्याच्या रिकाम्या पेटीत असतात.

आता वाचायचं कसं

मुखपृष्ठापासून सुरुवात करा. नाव वाचा, चित्र कोणी काढलं तेही वाचा, मग विचारा, आत काय असेल? उत्तर चुकलं तरी चुकलं म्हणू नका, पान उलटून बघा.

सावकाश वाचा. आपण मनात वाचतो त्याच्या निम्म्या वेगानं. ओळीखाली अधूनमधून बोट फिरवा, सतत नको. शब्द चित्रात नसून त्या काळ्या रेघांत आहेत आणि त्या डावीकडून उजवीकडे जातात, हे मुलाला बोटावरूनच कळतं. माझ्या मुलीनं साडेतीन वर्षांची असताना 'क्ष' पाहून "हे अक्षर पाय दुमडून बसलंय" असं जाहीर केलं होतं. तेव्हापासून ते अक्षर ती विसरलेली नाही.

आवाज काढायची लाज वाटते, असं पुरुषमंडळी विशेष सांगतात. हेच लोक जत्रेत रात्रभर दशावतार बघतात. तिथला नट पाठ केलेली संहिता घेऊन येत नाही, संवाद उभ्या उभ्या रचतो, आणि संकासूर आला की दुसऱ्या दिवशी वाडीतली सगळी पोरं संकासुरासारखी चालतात. तेवढं कुणी मागत नाही. वाघ थोडा जाड आवाजात, उंदीर थोडा बारीक, आणि भीतीची जागा आली की आवाज खाली. एवढं जमलं की पोर सरकून जवळ येतं.

आता पोथीचा नियम मोडायचा तो इथे. एका शनिवारी मी वाचायला घेतलं, "समुद्रात एक मासा राहत होता." पुढची ओळ वाचणार तोच पाच वर्षांचा एक पोरगा म्हणाला, "खयचो?" मला कळेना. "खयचो मासो?" म्हणजे कुठला मासा. त्याचा बाप रापणीवर जातो, किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यावर. 'एक मासा' हे त्याच्या दृष्टीनं काही उत्तरच नव्हतं. मग पंचायत बसली. बांगडा म्हणावा तर रंग निळाजांभळा. "हो बांगडो न्हय," हा बांगडा नव्हे, असा त्यानं निकाल दिला, कारण बांगड्याच्या शेपटीजवळ वर-खाली बारीक बारीक पर असतात आणि चित्रकारानं ते काढलेच नव्हते. एकीचं म्हणणं पडलं की हा हॉटेलातल्या काचेच्या पेटीतला. कोणी डोळ्यांना पापण्या कशा म्हणून विचारलं. त्या दिवशी आम्ही पहिल्या पानाच्या पुढे गेलो नाही. पुढच्या शनिवारी तो पोरगा पिशवीतून खरा बांगडा घेऊन आला, चित्राशेजारी ठेवून सगळ्यांना पर दाखवायला. त्या पानाला अजून वास येतो असं माझ्या मुलीचं म्हणणं आहे.

गोष्ट राहिली म्हणून मी त्या दिवशी खट्टू झाले होते. आता अशा शनिवारांची वाट बघते. ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ साली हेच तपासलं होतं. दोन-तीन वर्षांच्या मुलांच्या आईवडिलांचे दोन गट केले. दोन्हीकडे वाचन चालूच होतं; एका गटाला फक्त एवढंच शिकवलं की मधे थांबा, उघडे प्रश्न विचारा, मूल बोललं की त्यात भर घाला. महिनाभरात त्या गटातली मुलं बोलण्याच्या चाचण्यांत पुढे गेली.

उघडा प्रश्न म्हणजे ज्याचं उत्तर हो-नाही, किंवा एका शब्दात संपत नाही. 'हे काय आहे?' 'होडी.' संपलं. त्याऐवजी 'ही होडी अशी कलंडलीय कशानं?' विचारा. मूल म्हणालं 'वारो', तर तुम्ही म्हणा, 'हो, जोराचा वारा, वावटळ आलीय.' एक शब्द आला, दोन परत गेले. पण दर पानावर प्रश्न नकोत. तीन पानांत एखादा. नाहीतर गोष्टीची तोंडी परीक्षा होते आणि पोर उठून विटीदांडू खेळायला जातं, त्याचं बरोबरच असतं.

घरची बोली आणि पुस्तकाची मराठी

हे कोकणात फार महत्त्वाचं, म्हणून वेगळं लिहिते. आपल्या पोरांची भाषा मालवणी, संगमेश्वरी, आगरी, किनाऱ्यावरच्या मुसलमान घरांतली कोकणी. पुस्तक असतं प्रमाण मराठीत. सुरुवातीच्या दिवसांत एका मुलीनं विचारलं, "तो खंय गेलो?" आणि मी म्हटलं, "'तो कुठे गेला' असं म्हण." तिनं म्हटलं. पाठ केल्यासारखं. त्यानंतर दोन शनिवार ती एक अक्षर बोलली नाही. माझी चूक मला तिच्या आजीनं सांगितली, तीही सुपारी कातरता कातरता, माझ्याकडे न बघता.

तेव्हापासून माझी रीत अशी: ओळ आहे तशी वाचायची, गप्पा घरच्या भाषेत मारायच्या. 'तो कुठे गेला?' असं पुस्तकातलं वाचून लगेच पोरांकडे वळून 'खंय गेलो असात तो?' विचारायचं. दोन्ही भाषा शेजारी शेजारी ऐकू आल्या की मूल त्यांची जोडी आपणच लावतं. त्यासाठी कुणाला दुरुस्त करावं लागत नाही.

वयाप्रमाणे थोडंसं

पोटात असल्यापासून वाचलं तर? अँथनी डीकॅस्पर आणि मेलनी स्पेन्स यांचा १९८६ चा प्रयोग प्रसिद्ध आहे. गरोदर बायकांनी शेवटचे सहा आठवडे एकच उतारा रोज दोनदा मोठ्यानं वाचला; जन्मानंतर बाळांनी चोखण्याच्या लयीतून तोच उतारा ओळखीचा असल्याचं दाखवलं, वाचणारी बाई दुसरी असली तरीही. तेव्हा सातव्या महिन्यानंतर माहेरी आलेल्या लेकीनं ओटीवर बसून काहीही मोठ्यानं वाचावं, अगदी पेपरही.

तान्ह्या बाळाला वीत-दीड वीत अंतरावरचंच नीट दिसतं, म्हणून पुस्तक जवळ धरा, चित्र ठळक काळं-पांढरं. सहा महिन्यांनंतर ते पुस्तक चावणार. जाड पुठ्ठ्याचं घ्या आणि चावू द्या. दीड-दोन वर्षांचं मूल एकच गोष्ट चाळीसदा मागतं आणि आपण वैतागतो. ससेक्स विद्यापीठातल्या जेसिका हॉर्स्ट यांनी २०११ साली तीन वर्षांच्या मुलांवर पाहिलं की तेच नवे शब्द एकाच गोष्टीतून पुन्हा पुन्हा ऐकलेल्या मुलांनी ते जास्त लक्षात ठेवले. वेगवेगळ्या गोष्टींतून तितक्याच वेळा ऐकणारी मागे राहिली. तेव्हा एकेचाळिसाव्यांदा वाचा. कंटाळा आला तर मुद्दाम एक शब्द चुकवा, पोर तुमची चूक पकडायला टपलेलंच असतं.

शाळेत जाऊन स्वतः वाचू लागलं की आपण थांबतो. थांबू नका. दुसरीतलं मूल स्वतः अडखळत वाचतं, पण ऐकून चौथी-पाचवीच्या पुस्तकातलं समजून घेतं. दापोली तालुक्यातल्या पालगडच्या साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेली 'श्यामची आई' रात्रींत विभागलेली आहे, एकूण ४२ रात्री. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला रोज एक रात्र असा दीड महिना सहज जातो. शेवटाकडे रडू येतं, तेव्हा आपण आधी एकटीनं वाचून ठेवलेलं बरं.

वाचणारं कुणी घरात नसेल तर

आजीला अक्षर येत नसेल तर तिच्या मांडीवर पुस्तक द्या आणि चित्रं बघून सांगायला सांगा. ती रोज वेगळी गोष्ट सांगेल, पोर रोज भांडेल की काल असं नव्हतं. चालू द्या.

बाप मुंबईला असेल, आणि आपल्याकडे तो बहुतेक असतोच, तर एकाच पुस्तकाच्या दोन प्रती घ्या. एक नालासोपाऱ्याला, एक गावाला. तो लोकलमधून उतरून घरी आला की व्हॉट्सॲपवर आवाज रेकॉर्ड करून पाठवेल, 'आता पान उलट' हेही त्यात म्हणेल. आमच्या शेजारी हे दीड वर्ष चाललंय. त्यांच्याकडे रेंज फक्त खळ्यातल्या फणसाखाली, म्हणून गोष्ट फणसाखालीच ऐकली जाते. गणपतीला बाप घरी आला तेव्हा पोरीनं त्याला आधी फणसाखाली नेऊन बसवलं.

पावसाळ्यात पुस्तकं

जूनपासून पानांना बुरा येतो, कसर लागते. मृगाच्या आधी पुस्तकं प्लॅस्टिकच्या झाकणाच्या डब्यात टाका, चपलांच्या खोक्यात येणाऱ्या सिलिकाच्या पुड्या साठवून त्यात ठेवा, कापराची पुरचुंडीही ठेवतात. मातीच्या भिंतीला टेकवू नका, वाळवी वर चढते. आठवड्याला एकदा उघडून पानं फडफडवा. भिजलंच तर चुलीशेजारी धरू नका, पानांत कागदाचे कपटे घालून पंख्याखाली उभं ठेवा. ऑक्टोबरची उन्हं पडली की सगळी एकदा सावलीला पसरायची. पोरांना हे काम आवडतं, पसरता पसरता ती निम्मी पुस्तकं परत वाचून घेतात.

नेहमीच्या दोन अडचणी

पोर एका जागी बसत नाही. नको बसू दे. माझा मुलगा खांबाभोवती गोल गोल फिरत ऐकायचा आणि मी ओळ गाळली की तिथूनच ओरडायचा.

आणि मधेच झोपलं तर पुस्तक मिटा, पण पान कुठवर आलं ते लक्षात ठेवा. सकाळी दात घासताना, तोंडात फेस असतानाच विचारणा होते.